शून्य मिनिटाचं पान

ताईनं अंगातला पांढरा कोट ओरबाडून काढला, त्याचा बोळा केला आणि शंकासुराच्या डोक्यावर दाबून धरला. रक्त थांबेना. बघता बघता कोट लाल झाला, बोटांच्या फटींतून गरम ओघळ तिच्या मनगटापर्यंत आले, तरी तिनं हात ढिला केला नाही. रोपं वाढवायच्या ग्रोथ रूमच्या फरशीवर फुटक्या कुंड्या, माती आणि पाणी यांचा चिखल झाला होता. त्यात तो तिशीचा उंचापुरा माणूस एका कुशीवर पडून घरघरत होता. चेहऱ्याची उजवी बाजू मेणासारखी पांढरी पडली होती. तिथं द्रव नायट्रोजन सांडला होता.

"दिवे गेले गं ताई," धाकटा दाराशी उभा राहून म्हणत होता. "तो आत आला आणि अचानक दिवे गेले. अंधारात अडखळला, रॅकच्या कोपऱ्यावर आपटला. मी काय करणार? दिवेच गेले."

त्याच्याही उजव्या हाताची दोन बोटं गारठ्यानं पोळून फुगली होती. तो हात त्यानं काखेत दाबून धरला होता.

"फोन कर," ताई म्हणाली. "आधी फोन कर. बडबड नंतर."

त्यानं फोन केला. गाडी आली, दोघांनी स्ट्रेचर उचललं, तिसऱ्यानं ताईचा हात त्या बोळ्यावरून सोडवला. तिची बोटं आखडून गेली होती. एकेक करून सरळ करावी लागली.

प्रयोगशाळेत बावीस वर्षं ती तंत्रज्ञ होती. पहिली बारा वर्षं तिला सगळे मॅडम म्हणत. मग तिचा सख्खा धाकटा भाऊ तिथंच संशोधक म्हणून लागला. पहिल्याच दिवशी भर बैठकीत दार ढकलून तो "ताई, माझा डबा तुझ्याकडे राहिला" म्हणाला, आणि त्या दिवसापासून मोठ्या सरांपासून झाडूवाल्यापर्यंत ती सगळ्यांची ताई झाली. धाकट्याला मात्र सगळे डॉक्टर म्हणत. शंकासुराचं खरं नाव त्याच्या ओळखपत्रापुरतंच उरलं होतं. दर वाक्यापाठी एक प्रश्न विचारायची त्याला खोड होती. 'पाणी गरम आहे' म्हटलं तर 'किती?' विचारणारा हा प्राणी. पण कामात चोख, आणि हातात स्वच्छता अशी की ताईनं त्याला आपली स्वतःची पिपेट वापरायला दिली होती. ती तिनं भावालाही कधी दिली नव्हती.

त्याच खोडीनं सोमवारी घात केला होता.

त्यांचं सगळं काम एका बारीकशा खुणेभोवती फिरायचं. पानाच्या आत उजेडावर चालणारी दोन यंत्रं असतात, शेजारी शेजारी. एकावर उजेड जास्त पडून तिथं काम तुंबायला लागलं, की पान त्याच्या उजेड गोळा करणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण चिकटवतं. खूण लागली की त्यातली काही प्रथिनं जागची उठतात आणि दुसऱ्या यंत्राच्या दिमतीला जातात. मोठे सर नव्या मुलांना सांगत, "एका चुलीवर गर्दी झाली की पातेलं दुसरीवर सरकवायचं, एवढी अक्कल झाडालाही आहे." आणि उजेड गेला की ती खूण पुसणारंही एक प्रथिन पानातच बसलेलं असतं. ते घाई करत नाही. अंधारात दहा-वीस मिनिटं घेतं आणि सगळं पुसून पान कोरं करून ठेवतं.

पान नायट्रोजनमध्ये बुडवलं की त्या क्षणाला जे असेल ते तसंच गोठून राहतं. पण पुढं ते कुटून पाण्यात कालवलं, की पुसणारा पुन्हा जागा होतो. म्हणून त्या पाण्यात फ्लोराइड घालायचं. त्यानं त्याचे हात बांधले जातात. ते विसरलं, तर खुणांनी भरलेलं पानही कोरं दिसतं.

धाकट्यानं वर्षभर खपून एक शोधनिबंध छापला होता, की अमुक एका नव्या रोपात ही खूण उमटतच नाही. त्या निबंधावर त्याची कायमची जागा ठरायची होती. सोमवारच्या बैठकीत शंकासुरानं हात वर केला.

"डॉक्टर, त्या दिवशी पाण्यात फ्लोराइड घातलं होतं ना?"

बस्स, एवढंच. धाकट्याच्या हातातला चहाचा कप सुटला नाही, फेकला गेला. शंकासुराच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला. मग धाकटाच हसला, "अरे, घसरला," म्हणाला, आणि ताईनं खाली बसून तुकडे गोळा केले. भावानं काही फोडलं की तुकडे तिनं गोळा करायचे, हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं. बुधवारी दुपारी ग्रोथ रूममधून किंकाळी आली.

गाडी गेल्यावर ती बादली आणि फडकं घेऊन परत आत आली. ग्रोथ रूमला खिडकी नव्हती. दाराच्या काचेलाही काळा कागद लावलेला होता, बाहेरचा उजेड रोपांना लागू नये म्हणून. आत जे काही दिवस-रात्र व्हायचे ते नळ्यांच्या दिव्यांनी. आता ते सगळे लख्ख पेटले होते. धाकट्यानंच बटण वर केलं म्हणे.

रक्त पुसताना तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. दिवे गेले. ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. ते तिनंच घडवलेलं होतं.

त्यांचा बाप मारकुटा होता. मारकुटा म्हणजे चिडला की एखादी ठेवून देणारा नव्हे. तो पट्टा पाण्यात भिजवून ठेवायचा. आईच्या पाठीवर, मग ताईच्या, मग त्या एवढ्याशा पोराच्या. आई गेल्यावर दोघांच्याच. बापाची पावलं जिन्यावर वाजली की ताई दिवा मालवायची आणि धाकट्याला घेऊन दाराआड उभी राहायची. श्वास कसा धरायचा, हे तिनंच त्याला शिकवलं. कधी बाप तसाच लवंडायचा, कधी नाही. धाकटा चौदा वर्षांचा झाला त्या वर्षी एका संध्याकाळी ती कामावरून उशिरा आली, तर घरात अंधार, दाराआड धाकटा, आणि उंबऱ्यात बाप पडलेला. गुडघ्याची वाटी फुटलेली, कपाळ उघडलेलं. पोराच्या हातात नळदुरुस्तीचा पाना होता. शेजारी धावले तेव्हा ताई पुढं झाली आणि म्हणाली, "दिवे गेले होते. अंधारात पाय घसरला." सगळ्यांनी मान डोलावली. बाप त्यानंतर सहा वर्षं लंगडत जगला आणि त्या पोराच्या वाटेला पुन्हा गेला नाही. तेव्हा ताईला वाटलं होतं, सुटलो.

तिनं फडकं पिळलं. बादलीतलं पाणी पाहवेना, म्हणून ती दुसरीकडे बघायला लागली आणि तिला रॅकखाली शंकासुराचं थर्माकोलचं खोकं दिसलं. ते घेऊनच तो आत आला होता. खोकं सरळच बसलं होतं, झाकण तिरकं पडलं होतं. अर्धा नायट्रोजन सांडला होता, पण तळाशी चार बोटं शिल्लक होता, आणि त्यात वरच्या फळीवरून कोसळलेलं एक आख्खं रोप पडलं होतं. काचेसारखं कडक.

हाताला सवय असते, ती डोक्याला विचारत नाही. तिनं चिमट्यानं ती पानं उचलली, नळीत भरली, नळीवर तारीख आणि वेळ लिहिली आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून दिली. मग परत येऊन उरलेलं रक्त पुसलं.

संस्थेनं तिघांची समिती नेमली. अध्यक्ष कुलसचिव बाई, कडक पण सरळ. वीजतंत्री येऊन सांगून गेला की बटणाची पेटी जुनी आहे, बटण आपोआप पडूही शकतं, पडलं होतं का ते आता ब्रह्मदेवही सांगणार नाही. धाकट्यानं आपली हकिगत सांगितली. मी आत रोपं बघत होतो, दिवे चालू होते, तो आला, त्याच क्षणी दिवे गेले. हात पोळला तो त्याला सावरताना. समितीतल्या एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. येत्या गुरुवारी अहवालावर सह्या व्हायच्या होत्या. शंकासुराला काहीच आठवत नव्हतं, दाराची कडी धरली तिथपर्यंतच.

शनिवारी ताई दवाखान्यात गेली. शंकासुराचा बाप बाहेर बाकावर बसला होता. तो शिंपी होता. हाताला काम नसल्यानं शर्टाच्या कडेची शिवण पुनःपुन्हा चाचपत होता.

"एकोणीस टाके," तो म्हणाला. "मी बघितले पट्टी बदलताना. सरळ नाहीत घातलेले. घाई केली त्यांनी." मग थोड्या वेळानं, "उजवा डोळा काढला काल. वाचला असता तर ठेवला असता म्हणाले. तुम्ही डोकं धरून ठेवलंत म्हणून जीव तरी राहिला, बाई."

ताईला त्याच्याकडे बघवेना. ती आत गेली. शंकासुराचं तोंड पट्ट्यांनी झाकलेलं होतं, उघडा होता तो फक्त ओठांचा एक कोपरा.

"कोण?"

"मी रे. ताई."

"ताई, शून्याचं पान राहिलं का हो?"

हा माणूस डोळा गमावून प्रश्नच विचारत होता. अंधारात ती खूण किती वेगानं पुसली जाते, एवढंच त्याला मोजायचं होतं. वीस मिनिटं अंधारात ठेवलेली पानं, दहा, पाच, दोन, ही सगळी त्यानं त्याच सकाळी गोठवून ठेवली होती. उरलं होतं शून्य मिनिटाचं, म्हणजे चालू दिव्याखाली तोडून तिथल्या तिथं गोठवायचं. तेच घ्यायला तो ग्रोथ रूममध्ये गेला होता.

"आहे," ताई म्हणाली. "तुझ्या खोक्यात पडलं होतं. मी ठेवलंय. करते मी सगळी रांग."

"फ्लोराइड..."

"गप पड. मला शिकवतोस?"

ओठांचा तो कोपरा किंचित हलला. हसला असावा.

सोमवारी तिनं खल गार केला. नायट्रोजन ओतला, गोठलेली पानं त्यात टाकली आणि बत्ता हाणायला सुरुवात केली. एरवी ती हे काम हळुवार करायची. त्या दिवशी पहिल्याच घावाला पानांचा चुरा उडाला आणि दुसऱ्या घावाला खल टेबलावर सरकला. ती कुटत राहिली. कुणावर राग होता ते तिला सांगता आलं नसतं. शेजारच्या मुलीनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. फ्लोराइड घातलं, वजनं केली, पाच नमुने पाच रांगांत भरले. मंगळवारी फिल्म निघाली; खूण जितकी जास्त, तितका तिच्यावरचा पट्टा काळा.

रांग कशी दिसायला हवी, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. शून्याचा पट्टा काळाकुट्ट, दोनचा जरा कमी, पाचचा राखाडी, दहाचा फिका, वीसचा जेमतेम दिसेल न दिसेल. दोनपासून वीसपर्यंतचे चारही तसेच आले होते, पायऱ्या उतरल्यासारखे. शून्याच्या जागी मात्र काहीच नव्हतं. नीट बघितलं तर एक सावली होती, थेट वीसच्या पट्ट्याएवढी.

'फ्लोराइड विसरले,' हेच तिच्या मनात पहिल्यांदा आलं. म्हातारी झाले. तिनं नळीत उरलेली पानं काढून पुन्हा केलं, या वेळी नवी बाटली फोडून. पुन्हा तेच. प्रथिन सगळ्या रांगांत सारखंच होतं, तेही तिनं तपासलं. पान होतं, प्रथिन होतं, खूणच तेवढी नव्हती.

ती स्टुलावर बसली. दिवे चालू असताना पान गोठलं असतं, तर पट्टा काळा आला असता. धाकटा म्हणत होता तसं दिवे गेले आणि त्याच क्षणी झटापट झाली असती, तरी काळाच आला असता. पुसणाऱ्याला क्षण पुरत नाही. त्याला वीस मिनिटं लागतात. आणि गोठलेल्या पानावर नंतर कितीही दिवे पेटवा, त्याला काही कळत नाही.

म्हणजे खोलीत अंधार होता हे खरंच. पण शंकासुरानं दार उघडलं, त्याच्या निदान वीस मिनिटं आधीपासून होता. आणि ती वीस मिनिटं धाकटा त्या खिडकी नसलेल्या खोलीत, दाराआड, श्वास धरून उभा होता.

ती बेसिनपाशी गेली, नळ सोडला, आणि तिथंच वाकून उभी राहिली. रोपं शंभर वेळा त्यानंच गोठवली होती. या खुणांवर त्याचा पोटाचा धंदा चालला होता. आणि अंधारात उभं राहताना त्याला एवढं सुचलं नाही की भोवती दोनशे रोपं उभी आहेत. तिला त्याची कीव आली. तो सहा वर्षांचा दिसला तिला, दाराआड, तिच्या पदराला घट्ट धरून. मग बाकावरचा शिंपी दिसला.

धाकटा बुधवारी दुपारी आला. हात पट्टीत होता. जेवायची वेळ म्हणून बाकी कुणी नव्हतं. त्यानं तिच्या टेबलावरची फिल्म सहज उचलली आणि दिव्यासमोर धरली. ते पट्टे वाचायला दुसऱ्याला घटका लागली असती. त्याला लागली नाही.

"हे काय, त्याची रांग?"

"हो."

"शून्यात फ्लोराइड विसरलीस तू."

"दोनदा केलं."

"मग तिसऱ्यांदा कर."

"पान संपलं."

त्यानं फिल्म खाली ठेवली नाही. "शून्याचं पान आणलंस कुठून? तो तर ते घ्यायच्या आधीच..."

"त्याच्या खोक्यात पडलं होतं. तुमची झटापट झाली तेव्हा."

'झटापट' हा शब्द तिनं मुद्दाम वापरला नव्हता. तोंडातून गेला. धाकट्यानं फिल्मचे दोन तुकडे केले, मग चार. मग तो तिच्या वहीकडे वळला, तशी ती वहीवर हात ठेवून उभी राहिली.

"हात काढ."

"त्याचा डोळा गेला रे."

"हात काढ, ताई."

"वीस मिनिटं उभा होतास? वीस मिनिटांत एकदाही वाटलं नाही तुला, की जावं बाहेर?"

त्यानं तिला मारलं. डाव्या हातानं, पण पूर्ण ताकदीनं. तिचं तोंड फ्रीझरच्या दांड्यावर आपटलं, ओठ फाटला, दात हलल्याचा आवाज तिला आत कानात ऐकू आला. ती खाली बसली. तोंडात लोखंडाची चव भरली. त्यानं दुसऱ्यांदा हात उगारला. आणि मग तो स्वतःच त्या हाताकडे बघत राहिला.

एवढ्या वर्षांत त्यानं तिच्यावर हात टाकला नव्हता. तिला त्याचाच केवढा अभिमान होता. बाकी तो काहीही फोडो, माझ्या अंगाला त्याचं बोट लागणार नाही, असं ती मनात धरून चालली होती. आता तिला दुखत होतं ते ओठात नव्हे.

त्यानं धावत जाऊन बर्फ आणला, फडक्यात बांधला, तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या ओठाला लावला.

"त्यानं मला संपवलं असतं, ताई. दहा वर्षं... तुला माहीत आहे ना, आपण कुठून आलो. मी फक्त घाबरवणार होतो त्याला. खरंच. रॅकची पट्टी हाताशी होती. आई शप्पथ, घाबरवणार होतो."

"हं."

"गुरुवारी सह्या झाल्या की संपलं. कुणाला काही विचारायचं नाहीये. तुला फक्त एवढंच विचारतील, की तू आलीस तेव्हा दिवे कसे होते." तो तिच्या हनुवटीवरचं रक्त टिपत होता, अगदी हलक्या हातानं. "आणि ओठाचं विचारलं कुणी, तर सांग, फ्रीझरचं दार लागलं."

ताईनं मान हलवली नाही, पण तो होकारच समजला असावा. तिची वही काखेत मारून तो गेला. ती तशीच खाली बसून राहिली. फडक्यातला बर्फ वितळून कोटावर गळत होता. पहिल्या खेपेची फिल्म त्यानं मागितलीच नव्हती. ती तिच्या पर्समध्ये होती.

गुरुवारी समितीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका टोकाला कुलसचिव बाई बसल्या होत्या, शेजारी दोघे सदस्य. धाकटा भिंतीकडच्या खुर्चीत, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मोठे सरही होते. सगळ्यांना घाई होती. अहवालाची तीन पानं टाइप होऊन आली होती, सह्यांच्या जागा रिकाम्या.

"बसा," बाई म्हणाल्या आणि मग ताईकडे नीट बघून, "ओठाला काय झालं?"

"सांगते. आधी तुमचं विचारा."

"आमचं एवढंच. तुम्ही पहिल्यांदा पोचलात म्हणून तुमचं म्हणणं नोंदवायचं. दिवे गेले होते, हे तुम्हाला मान्य आहे?"

ताईनं धाकट्याकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि पापणी एकदा मिटून उघडली, जशी लहानपणी जिन्यावरची पावलं पुढं निघून गेली की उघडायचा. त्याक्षणी ती 'हो' म्हणून उठली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. तिच्या भावाला जागा मिळाली असती. पुढं कुणीतरी पुन्हा त्याला एखादा प्रश्न विचारला असता.

"हो," ती म्हणाली. "दिवे गेले होते."

धाकट्यानं श्वास सोडला. कुलसचिव बाईंनी सही केली, कागद शेजाऱ्याकडे सरकवला आणि पेनाला टोपण लावलं.

"ठीक आहे तर. अपघात."

ताईनं पर्स उघडून फिल्म काढली आणि टेबलावर ठेवली. मोठे सर पुढं वाकले. त्यांनी ती उचलली आणि खिडकीकडे धरली. पाच रांगा. ते एकेक रांग बघत राहिले, पुन्हा पहिलीकडे आले, पुन्हा शेवटचीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची घाई गेली.

"हे पान कुठलं, ताई?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"त्याच खोलीतलं. त्याच वेळेचं," ती म्हणाली. फाटलेल्या ओठामुळे शब्द जड येत होते. मग ती कुलसचिव बाईंकडे वळली. भावाकडे तिनं पुन्हा बघितलं नाही. "दिवे गेले होते, बाई. पण कधी गेले, ते त्याला विचारा."

भिंतीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि कागद परत मागून घेतला.